'अर्थवर्क' (२००९) : समीक्षकांनी माणूस पाहिला, जमीन पाहिली का? (चर्चेचा धागा)

रानवाट

ख्रिस ऑर्डलचा 'अर्थवर्क' हा छोटा, कमी खर्चाचा अमेरिकी स्वतंत्र चित्रपट. कॅन्ससचा स्टॅन हर्ड हा खराखुरा भूमी-कलाकार त्याच्या केंद्रस्थानी आहे आणि ती भूमिका जॉन हॉक्सने केली आहे. हर्ड पिकं पेरून, नांगरून, कापून शेतावर चित्रं काढतो. ती नीट दिसतात फक्त वरून. १९८१ मध्ये त्याने कायोवा या मूलनिवासी जमातीच्या सटांटा या सरदाराचा चेहरा १६० एकरांवर उतरवला, तो ट्रॅक्टरने. चित्रपटातली घटना मात्र १९९४ ची. मॅनहॅटनच्या पश्चिम काठावर डोनाल्ड ट्रम्प यांच्या ताब्यातली जुन्या रेल्वे यार्डाची पडीक जागा होती. तिथे, शेजारच्या बोगद्यात राहणाऱ्या बेघर माणसांना हाताशी धरून हर्डने साधारण एकरभराचं काम उभं केलं. नाव 'कंट्रीसाइड'.

अमेरिकेत चित्रपटगृहांत तो २०११ च्या वसंतात आला. तोवर 'विंटर्स बोन'मुळे हॉक्सला ऑस्कर नामांकन मिळालं होतं, त्यामुळे परीक्षणांची सुरुवात त्याच्यापासूनच झाली. नामवंत समीक्षक रॉजर एबर्ट यांनीही अनुकूल लिहिलं. हॉक्सचं कौतुक झालं ते योग्यच. सगळं आतल्या आत ठेवणारा अभिनय आहे.

माझा आक्षेप वेगळा आहे. चित्रपट 'शांत', 'संथ', 'नाट्य कमी' असा शेरा मारणाऱ्याने आधी ठरवावं की या कामातलं नाट्य नेमकं कुठे असतं. चित्रकाराच्या चित्रपटात कुंचला कॅनव्हासला टेकला की प्रेक्षकाला काहीतरी घडलेलं दिसतं. इथे बी टाकल्यावर आठवडाभर काहीच दिसत नाही, आणि खरा धोका त्या आठवड्यातच असतो. माती पुरेल का, पाणी कुठून येणार, जागा हातात किती दिवस राहणार, बघणारा कुठे उभा राहणार? या चार प्रश्नांवर असं काम तरतं नाहीतर बुडतं. चित्रपट ते किती नेमकेपणाने हाताळतो, यावर त्याची समीक्षा व्हायला हवी.

तिफण

माती-पाण्याचा हिशोब मांडतो, म्हणजे 'नाट्य कमी' म्हणणाऱ्यांना अंदाज येईल.

एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. रेल्वे यार्डाची जमीन म्हणजे खडी, राख, विटांचे तुकडे आणि वर्षानुवर्षं वजनाखाली दबलेला थर. त्यात थेट पेरून काही उगवत नाही. उथळ मुळांच्या रोपांसाठी १५ सेंटिमीटर पोयट्याची माती धरली तरी ६०७ घनमीटर लागते, म्हणजे सुमारे २१४ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). चार ब्रासच्या डंपरच्या ५४ खेपा. सैल टाकलेली माती पहिल्या दोन-तीन पाण्यांत बसते, म्हणून पाचवा हिस्सा जास्त धरायचा. खेपा ६५ च्या आसपास जातात. शहरात माती फुकट मिळाली तरी वाहतूक फुकट होत नाही.

पाणी : उन्हाळ्यात आठवड्याला २५ मिलिमीटर धरा. एकराला एक लाख लिटर होतात, दर आठवड्याला दहा हजार लिटरचे दहा टँकर. शेजारी नळजोडणी नसेल तर सगळं अंदाजपत्रक इथेच कोसळतं.

आणि जी चूक दिसायला महिना लागतो ती म्हणजे खालचा थर. जिथे जमीन दबलेली आहे तिथे पाणी तुंबून मुळं कुजतात. जिथे खडी आहे तिथून ते झरझर निथळतं आणि रोप सुकतं. वरची माती सारखी, बी एकच, पेरणी एकाच दिवशी, तरी एकाच रंगाच्या पट्ट्यात पिवळे डाग पडतात. शेतात असे डाग पडले तर उत्पन्न घटतं, चित्रात पडले तर आकारच मोडतो. उपाय माती टाकण्याआधीच करावा लागतो : दबलेला थर कुदळीने किंवा रिपरने फोडायचा, खडीच्या जागी आधी चिकणमातीचा पातळ थर द्यायचा. मग वापसा आल्याशिवाय, म्हणजे जादा पाणी निथळून माती मोकळी झाल्याशिवाय, त्यावर पाय ठेवायचा नाही.

बोलपट

तिफण, हिशोब उत्तम. याच शहरातलं दुसरं उदाहरण इथे ठेवायलाच हवं. कलाकार ॲग्नेस डेनेसने १९८२ मध्ये मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, बॅटरी पार्कच्या भरावावर दोन एकर गहू घेतला. मातीच्या २०० ट्रक खेपा. २८५ सऱ्या हाताने काढल्या, त्यांतले दगड आणि कचरा वेचला, बी हाताने टाकलं. पुढचे चार महिने निंदणी, खत, काजळी आणि बुरशीचा बंदोबस्त, शिवाय पाण्याची स्वतंत्र व्यवस्था. १६ ऑगस्टला कापणी झाली आणि हजार पौंडांहून जास्त गहू निघाला.

हजार पौंड म्हणजे साडेचार क्विंटल, तेही दोन एकरांत. बागायती गव्हाच्या मानाने फारच कमी. भरावावर आणलेल्या मातीची मर्यादा तिथे आकड्यातच दिसते. हर्डच्या एकराकडे बघताना हा आकडा डोक्यात असला की चित्रपटातले वाढत जाणारे खर्च नाट्यासाठी घुसडलेले वाटत नाहीत.

पण रानवाट, तुमच्याशी एका बाबतीत सहमत नाही. 'संथ' ही तक्रार चुकीची ठरली म्हणून चित्रपट आपोआप निर्दोष होत नाही. मला खटकतं ते बोगद्यातल्या माणसांचं चित्रण. त्यांचं तिथलं जगणं हा स्वतंत्र विषय आहे. हडसन काठाने जाणारा तो मालगाडीचा बोगदा ओस पडल्यावर तिथे वस्ती झाली. १९९१ मध्ये ॲमट्रॅक या प्रवासी रेल्वे कंपनीच्या गाड्या तिथून सुरू झाल्या आणि लोकांना हटवणं सुरू झालं. म्हणजे १९९४ मध्ये या मजुरांच्या डोक्यावरचं छप्परही कलाकाराच्या जमिनीइतकंच तात्पुरतं होतं. ही समांतर रेषा कथेत आयती पडलेली आहे. चित्रपट मात्र त्या माणसांकडे बहुतेक वेळा कलाकाराच्या नजरेतून बघतो. ते त्याला काय देतात हे कळतं, त्यांना या कामातून नेमकं काय हवं होतं हे पुरेसं कळत नाही. चांगल्या मनाने काढलेल्या चित्रपटांत हा दोष हमखास असतो आणि चांगल्या मनाचे समीक्षक तो सोडून देतात.

रानवाट

@बोलपट, मुद्दा मान्य. फक्त एक जोडतो. खुरपणी, माती पसरणं, रोपं लावणं ही कामं करताना त्या माणसांचं कौशल्य दिसतं तिथे चित्रपट त्यांना बरोबरीचं स्थान देतो. संवादांत देत नाही, कामात देतो. मला ते जास्त भिडलं.

चौकट

छायालेखनाच्या बाजूने लिहितो, कारण हे परीक्षणांत क्वचितच येतं.

वाढणारी गोष्ट चित्रित करायची तर मोठी अडचण दिवसांची. काम तयार व्हायला महिने, आणि छोट्या चित्रपटाचं शेड्यूल काही आठवड्यांचं. मग एकाच आराखड्याचे दोन-तीन तुकडे वेगवेगळ्या तारखांना पेरून ठेवावे लागतात : एक चित्रीकरणाच्या आठ आठवडे आधी, दुसरा चार आठवडे आधी, तिसरा नुसती आखलेली माती. पहिला तुकडा 'शेवट', दुसरा 'मध्य', तिसरा 'सुरुवात'. पावसाने ओढ दिली की पहिला तुकडा वेळेआधीच फुलावर येतो आणि रंग बदलतो. अशा वेळी शेवट आधी चित्रित करावा लागतो, तेही नटाने मधला प्रवास केलेला नसताना. हॉक्सच्या पातळीचा नट असेल तरच ते निभतं.

दुसरी अडचण पावलांची. वापशातल्या मातीवर युनिटमधल्या एका माणसाचा बूट उमटला की तो पुढच्या प्रत्येक चौकटीत दिसतो. दाताळ्याने पुसायला जावं तर खालची ओली माती वर येते आणि तेवढाच भाग गडद होतो. तो डाग वाळून आजूबाजूच्या रंगाला यायला ऊन चांगलं असेल तर तासभर, ढगाळ असेल तर अर्धा दिवस. म्हणून फळ्या टाकून त्यांवरूनच चालायचं, आणि फळीच्या कडेचा व्रण बसू नये म्हणून दर तासाला फळी सरकवायची.

तिसरी गोष्ट उजेड. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात उंचसखलपणा उठून येतो, पण रोपांच्या सावल्या शेजारच्या रंगावर पडून सीमारेषा मळतात. माध्यान्हीला रंग स्वच्छ दिसतात, खोली जाते. वरून घ्यायचं दृश्य साधारण दहाच्या सुमारास घेणं बरं.

आणि हा २००९ चा चित्रपट आहे. स्वस्त ड्रोन तेव्हा नव्हते. वरून दृश्य म्हणजे हेलिकॉप्टर, छोटं विमान, नाहीतर शेजारच्या इमारतीची गच्ची. छोट्या निर्मितीत अशी दृश्यं मोजून-मापून वापरावी लागतात. चित्रपटाचा बराच काळ जमिनीलगत जातो यामागे हेही कारण असणार. मला तो फायदाच वाटतो. काम करणाऱ्यालाही महिनोन्महिने वरून दिसत नाही, त्याला फक्त हातातली सुतळी दिसते.

सांजवात

वाचतेय, फार छान चाललंय. एक शंका. वरून न बघता इमारतीच्या खिडकीतून, तिरकं बघितलं तर चित्र चपटं दिसणार नाही का? ते कसं सोडवतात?

ओळंबा

@सांजवात, त्यासाठी चित्र जमिनीवर मुद्दाम ताणून काढतात. ट्रम्प यांच्या त्या यार्डाच्या पूर्वेला उंच इमारतींची रांग आहे, त्यामुळे अशा जागी हा प्रश्न टळत नाही. आकड्यांनीच सांगतो. आकडे उदाहरणादाखल आहेत, हर्डच्या आराखड्यातले नव्हेत.

जागा ६० मीटर रुंद, ६७.५ मीटर खोल धरा. म्हणजे बरोबर एकर. बघणारा ३० मीटर उंचीवर, साधारण दहाव्या मजल्यावर, आणि जागेची जवळची कड त्याच्यापासून ६० मीटरवर. जवळच्या कडेकडे बघताना नजर क्षितिजाखाली साडेसव्वीस अंश झुकते, लांबच्या कडेकडे सव्वातेरा अंश. चित्राचा मधोमध डोळ्याला या दोन्हींच्या मध्ये, वीस अंशांवर दिसायला हवा. तो बिंदू जमिनीवर बघणाऱ्यापासून ८३ मीटरवर येतो, म्हणजे जवळच्या कडेपासून फक्त २३ मीटर. चित्राचा जवळचा अर्धा भाग २३ मीटरांत आणि लांबचा अर्धा ४४ मीटरहून जास्त जागेत. कागदावरचा चौकोन जमिनीवर सारखा वाटून दिला तर कपाळ आखडतं आणि हनुवटी लांबते.

आखणीचा क्रम असा :

आधी एक पायारेषा घ्यायची, शक्यतो पक्क्या कुंपणाला किंवा रस्त्याला समांतर. तीन-चार-पाच पद्धतीने (बाजू या प्रमाणात असल्या की त्रिकोण काटकोनी होतो) दोन्ही टोकांना गुण्यात, म्हणजे काटकोनात, रेषा काढायच्या. मोठ्या मापाला ३, ४, ५ मीटर घेऊ नका, १५, २०, २५ घ्या, चूक कमी राहते. चारही कोपरे ठोकले की कर्ण मोजायचे. ६० बाय ६७.५ ला दोन्ही कर्ण ९०.३ मीटर आले पाहिजेत. १० सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर पुढे जाऊ नका.

मग साडेसात मीटरचे चौरस पाडायचे, आठ गुणिले नऊ म्हणजे ७२ चौरस आणि ९० खुंट्या. प्रत्येक खुंटीला क्रमांक, आणि तोच कागदावर. चित्र ताणलेलं असेल तर कागदावरच्या आडव्या रेषा आधीच हिशोबाने विषम अंतरावर घ्यायच्या, जमिनीवरचे चौरस तसेच ठेवायचे. वक्ररेषा चौरसाच्या कडा जिथे कापते ते बिंदू आधी रोवायचे, बिंदूंवरून जाड दोर टाकायचा, लांब उभं राहून दोराचा वळसा डोळ्याने दुरुस्त करायचा आणि शेवटी फक्की, म्हणजे पांढरी भुकटी, मारायची. फक्की पहिल्याच पावसात जाते, म्हणून खुंट्या शेवटपर्यंत उपटायच्या नाहीत.

सुतळी कोरडी असताना ताणून बांधली तर रात्रीच्या दवाने आखडते आणि हलक्या मातीतल्या खुंट्या आत झुकवते. सकाळी मोजल्याशिवाय काम सुरू करू नये.

आवण

ओळंबा यांच्या मुद्द्यावर आपल्याकडचं उदाहरण. सिंहगडाच्या पायथ्याजवळ डोणजे परिसरात श्रीकांत इंगळहळीकरांनी भातखाचरात चित्रं उगवली. मूळ प्रेरणा जपानच्या आओमोरी प्रांतातल्या इनाकादाते गावाची, तिथे हे १९९३ पासून चालू आहे. हिरव्या पानांचा भात आणि काळपट जांभळ्या पानांचा भात यांची लावणी ठरलेल्या आकारात करतात.

इथे रंग भरणं म्हणजे लावणीच. २५ बाय २५ सेंटिमीटर अंतराने एकराला ६५ हजार चूड (रोपांच्या जुड्या) बसतात, पण मधली माती आणि पाणी दिसत राहिल्याने रंग फिका पडतो. १५ बाय १५ ने लावलं तर एक लाख ८० हजारांच्या घरात जातात आणि पट भरीव दिसतो. दाट लावणीत हवा खेळत नाही, करपा रोग येतो, आणि नत्र जास्त झालं तर भात लोळतो, म्हणजे आडवा पडतो. लोळलेल्या भाताने चित्र दोन दिवसांत संपतं. म्हणून नत्र नेहमीपेक्षा कमी आणि दोन-तीन हप्त्यांत द्यायचं.

क्रमही महत्त्वाचा. आधी जांभळ्याची बाह्यरेषा, मग आतला भाग, शेवटी हिरवा. उलट केलं तर चिखलातल्या खुंट्यांपर्यंत पोचायला लावलेल्या हिरव्यातून जावं लागतं. चुकून एका रंगाची चूड दुसऱ्यात गेली असेल तर दहा-बारा दिवसांत उपटून बदलायची. उशीर झाला तर नवी रोपं मागे पडतात आणि तिथे खळगा दिसतो.

निलंग्यात शिवजयंतीला धान्य पेरून शेतात शिवप्रतिमा साकारली गेली, ती पद्धत वेगळी. तिथे दाट पेरून कोवळ्या अंकुरांचा रंग वापरतात, त्यामुळे काम थोड्या दिवसांत दिसतं आणि तितक्याच लवकर जातं.

निळीशाई

धाग्याच्या विषयाकडे वळते. 'अर्थवर्क'ची तुलना माहितीपटांशी झाली तर तो कुठे कमी पडतो हे लख्ख दिसतं.

थॉमस रिडेल्सहायमरच्या 'रिव्हर्स अँड टाइड्स'मध्ये (२००१) ब्रिटिश भूमी-कलाकार अँडी गोल्ड्सवर्दी कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाच्या किनाऱ्यावर चपट्या दगडांचा, मधे फुगीर आणि वर निमुळता असा शंकू रचत असतो. भरती येण्याआधी तो पुरा व्हायला हवा. शंकू ढासळतो. पुन्हा रचतो, पुन्हा ढासळतो. कॅमेरा हलत नाही. दगड सरकल्याचा आवाज आधी येतो, मग सगळा डोलारा बसतो, आणि तो काही क्षण नुसता बघत राहतो. ढासळणं खरं आहे, म्हणून पुढच्या प्रत्येक दगडाला आपला श्वास अडकतो.

कथापटाला ही सोय नाही. तिथे अपयशही रचावं लागतं आणि प्रेक्षकाला ते ठाऊक असतं. मग दिग्दर्शकापुढे दोन वाटा : अपयश मोठं करून दाखवायचं, किंवा ते बारीकसारीक अडचणींत विखरून टाकायचं. ऑर्डलने दुसरी धरली. 'नाट्य कमी' हा शेरा आला तो या निवडीमुळे. माझ्या मते निवड बरोबर होती, पण ती पेलायला कामाचे तपशील आणखी हवे होते. तिफण आणि ओळंबा यांनी वर जे लिहिलंय त्यातलं निम्मं जरी पडद्यावर आलं असतं, तरी शांत दृश्यांना ताण मिळाला असता. माती किती लागणार हे प्रेक्षकाला माहीत असेल तरच एक ट्रक कमी आल्याचं त्याला काही वाटेल.

अमेरिकी भूमी-कलाकार रॉबर्ट स्मिथसनचं उदाहरणही बघा. १९७० मध्ये युटाच्या ग्रेट सॉल्ट लेकमध्ये त्याने 'स्पायरल जेटी' हा सर्पिल आकाराचा बांध घातला. लांबी ४६० मीटर, रुंदी साडेचार मीटर, सहा हजार टनांहून जास्त काळा बसाल्ट आणि माती. त्याच्यावर त्याने स्वतःच चित्रपट काढला. त्यात डंपर दगड ओततात, यंत्रांचा खडखडाट चालू असतो आणि हेलिकॉप्टर घिरट्या घालतं. निवेदन स्मिथसनचंच आहे, पण तो बघावासा वाटतो तो वजन दिसतं म्हणून.

बोलपट

@निळीशाई, 'निम्मं जरी आलं असतं' याला दुजोरा. चरित्रपटाच्या परीक्षणांत एक साचा पडलेला आहे : घर गहाण, बायको नाराज, शेवटी मान्यता किंवा मान्यतेशिवाय समाधान. समीक्षक साचा ओळखतो, त्याबद्दल लिहितो आणि थांबतो. शेतीची किंवा बांधकामाची जाण असलेल्याने हा चित्रपट तपासला तर जमेच्या आणि खर्चाच्या दोन्ही बाजू वाढतील.

एक जमेची बाजू मी मांडतो. काम टिकणार नाही हे चित्रपट गृहीत धरतो, त्याचा शोक करत बसत नाही. त्या यार्डावर रिव्हरसाइड साउथचे निवासी टॉवर येणार हे १९९२ च्या शहर परिषदेच्या मंजुरीपासून ठरलेलंच होतं, नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात बांधकाम सुरू झालं. जमीनमालकाला दोन मंजुऱ्यांच्या मधल्या काळात पडीक जागा हिरवी दिसलेली हवी असते, कलाकाराला जागा हवी असते. हा सौदा भूमी-कलेत नेहमीचा आहे. चित्रपटाने तो खलनायक न उभा करता मांडला, हे मला प्रामाणिक वाटलं.

सांजवात

ओळंबा, उत्तर समजलं, आभार. आता शेवटचा प्रश्न. रेषा किती रुंद ठेवायची? आमच्याकडे फिल्म सोसायटीच्या महोत्सवासाठी काहीजण वीस गुंठ्यांवर असं काही करायचं म्हणतायत, बघायची जागा पाण्याच्या टाकीवरची.

ओळंबा

टाकीची उंची आणि अंतर कळलं तर नेमकं सांगता येईल. तोवर हे धरा.

१०० मीटरवरून, नजर १७ अंश झुकलेली असताना, बघणाऱ्याला आडवी असलेली एक मीटर रुंद पट्टी ३० सेंटिमीटरसारखी दिसते. त्याच्या दिशेने धावणारी पट्टी मात्र पूर्ण रुंदीची दिसते. म्हणजे आडव्या रेषा उभ्यांच्या तिप्पट रुंद घ्याव्या लागतात. उभी रेषा ६० सेंटिमीटर, तर आडवी १.८ मीटर.

पिकाची उंची विसरू नका. ४० सेंटिमीटर उंच पीक १७ अंशांत आपल्यामागची १.३ मीटर जमीन झाकतं. उघड्या मातीची रेषा त्याहून अरुंद असेल तर ती पेरणीनंतर तीन आठवडे छान दिसेल आणि महोत्सवाच्या दिवशी गायब होईल. आडव्या रेषांना उघडी माती वापरायची तर अडीच मीटर तरी सोडा, नाहीतर जवळच्या बाजूला बुटकं पीक घ्या, मेथी किंवा अळीव.

तिफण

आणि मेथी-अळीव घ्यायचे तर महोत्सवाच्या तारखेपासून मागे मोजा. मेथी २५ ते ३० दिवस, अळीव १२ ते १५. दोन्ही एकाच दिवशी पेरू नका, अळीव आधी वाढून लोळेल. वीस गुंठ्यांना मजूर धरताना पेरणीपेक्षा निंदणीला जास्त धरा. पाणी दिल्यावर उघड्या मातीच्या पट्ट्यांत तण आठव्या दिवसापासून दिसायला लागतं आणि वरून बघताना ते पिकासारखंच हिरवं असतं. पट्टीच्या दोन्ही कडा खुरप्याने कोरून वीतभर खोल चर ठेवला तर पीक पसरत नाही. टाकीवर एका वेळी किती माणसं चढवता येतील ते आधी ग्रामपंचायतीला विचारा.